पाटी नसलेला वारसा: उपनगरात वीरगळ, विहिरी, मैलाचे दगड जपायला नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मुंबईच्या उपनगरांतला वारसा म्हटलं की कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर, वसईचा किल्ला, अंबरनाथचं शिवमंदिर ही नावं पुढे येतात. त्यांना सरकारी निळी पाटी आहे, कुंपण आहे, निदान कागदावर तरी कोणी जबाबदार आहे. इथे बोलायचंय ते पाटी नसलेल्यांबद्दल. साष्टी बेटातल्या गावठाणांच्या वेशीवर उभे असलेले वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे दगड), फुटपाथात गळ्यापर्यंत रुतलेले मैलाचे दगड, प्लेगच्या वेळचे क्रूस, दोन टॉवरच्या मधे सापडलेली दगडी विहीर. बोरिवलीपासून वसईपर्यंत आणि ठाण्यापासून कल्याण-भिवंडीपर्यंत असं खूप काही शिल्लक आहे. ते टिकतं की जातं, हे बहुतेक वेळा आसपास राहणाऱ्या पाच-सात माणसांवर अवलंबून असतं.

या कामाचा क्रम एकच आहे: आधी नोंद, मग कागद, मग निगा, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी, तीही जाणकाराच्या हातून. नवे लोक नेमके उलटे निघतात. पहिल्याच रविवारी झाडू, तारेचा ब्रश, पाण्याचा टँकर, आणि उत्साह फारच असला तर सिमेंटचा चौथरा. आठशे वर्षं पाऊस झेलून उरलेली अक्षरं एका सकाळी घासून जातात. म्हणून पहिले तीन महिने कोणत्याही दगडाला हात न लावण्याचा नियम गटात आधीच करून टाका.

आपला तुकडा ठरवा

सहा ते आठ माणसं पुरेत. पंचवीस जमली तर त्यातली सतरा फोटो काढून घरी जातात. एक वॉर्ड किंवा एक-दोन गावठाणं आणि त्यांचे पाडे, एवढाच भाग घ्या. चालत दोन तासांत फिरून होईल इतकाच.

घराबाहेर पडण्याआधी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटिअरचा चौदावा खंड चाळा. तो १८८२ चा आहे, त्यात गावागणिक स्थळांची वर्णनं आहेत आणि तो फुकट वाचायला मिळतो. गावांची स्पेलिंगं जुनी आहेत, त्यामुळे नाव मोठ्याने उच्चारून बघावं लागतं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांचं त्यात सविस्तर वर्णन आहे. तेव्हा काय होतं आणि आज काय उरलंय, याची तुलना करायला याहून सोपा आधार नाही. सोबत सिटी सर्व्हेचा नकाशा आणि विकास आराखड्याचा तुमच्या वॉर्डाचा कागद ठेवा.

मग माणसं. गावात जाऊन ‘इथे ऐतिहासिक वास्तू कुठे आहे’ असं विचारलंत तर ‘काय नाय हो इथे’ हेच उत्तर येणार. प्रश्न बदला. गावदेवीच्या देवळामागे जुने दगड आहेत का? लग्नाच्या आधी कुठल्या दगडापुढे नारळ फोडतात? जुनी वेस कुठे होती? तळं कुठे बुजवलं? कोणत्या दगडाला बायका हात लावत नाहीत? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, त्याचं कारण पुढे येतंच. गुरव, गावकीतले पाटील, चर्चचं काम बघणारी मंडळी आणि चाळीस वर्षं एकाच जागी बसणारा चांभार किंवा सायकलवाला यांच्याकडून जितकं कळतं तितकं कोणत्याही पुस्तकातून कळत नाही.

दगड ओळखायचा कसा

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत पडलेला वीर असतो, कधी त्याच्याजवळ गायी. म्हणजे गोधन वाचवताना मरण आलं. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य. एकसरच्या दगडांवर या चौकटींत वल्ह्यांची जहाजं आहेत, समुद्रातली लढाई आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी अनेक अभ्यासक ती जोडतात. चौकटींची संख्या सगळीकडे सारखी नसते. दोन चौकटींचाही वीरगळ असतो.

सतीशिळेवर कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. एवढी खूण लक्षात ठेवली तर चूक होत नाही.

गधेगळ म्हणजे दानाचा शापदगड. वर चंद्र, सूर्य, कधी मंगलकलश. मधे लेख, किंवा लेखाची नुसती मोकळी जागा. खाली गाढव आणि स्त्री. दिलेलं दान जो मोडेल त्याला ही शिवी आहे. शिलाहारांच्या काळापासून कोकणात असे दगड आहेत. खालच्या चित्रामुळे काही गावांत तो अशुभ मानून पालथा घातलेला असतो, काही ठिकाणी मातीत अर्धा पुरलेला, काही ठिकाणी खालच्या भागावर गिलावा चढवलेला, आणि कुठे कुठे चक्क देवी म्हणून शेंदूर लावून पुजलेला. म्हणून तो ‘हात न लावण्याचा’ प्रश्न. गावात कोणी या दगडाबद्दल लाजत बोललं तर हसू नका. मजकूर कायद्याचा आहे, जमिनीच्या हक्काचा आहे, एवढं सांगितलं की लोक मोकळे होतात.

मैलाचा दगड ओळखायला सोपा: काळ्या पाषाणाचा, वर रोमन आकडा. मुंबईतल्या जुन्या दगडांची मोजणी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून होते. दर डांबरीकरणाला रस्ता काही इंच वर आला आणि दगड तेवढा खाली गेला. त्यामुळे चार फुटी दगडाचा माथाच दिसतो, आणि लोक त्याला स्कूटर टेकवतात.

वांद्र्यासारख्या भागात घरांच्या कोपऱ्यावर, गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतात. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले आणि पायथ्याशी कोरलेलं साल असतं. त्या सालाचा फोटो आजच काढून ठेवा. धार्मिक बांधकामांवर पालिकेची कारवाई येते तेव्हा १९६४ पूर्वीचं असल्याचा पुरावा मागितला गेलेला आहे. ऐन वेळी सालावर चार थर रंग बसलेला असला तर पुरावा कुठून आणणार?

याशिवाय देवळांचे सुटे अवशेष: आमलक (शिखराच्या माथ्यावरची खाचदार गोल दगडी चकती), खांबाचा तुकडा, कीर्तिमुख (कोरलेलं राक्षसी तोंड), भग्न मूर्ती. हे बहुधा पिंपळाच्या पारावर रचलेले सापडतात. चोरीला सगळ्यात आधी जातात ते हेच, कारण उचलायला हलके.

पिशवीत काय हवं

पाच मीटरची आणि तीस मीटरची टेप, दहा सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी (कार्डबोर्डवर घरी बनवली तरी चालते, फक्त मापाला अचूक हवी), होकायंत्र, दोन चांगले टॉर्च, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. पेन नको, घामाने आणि दवाने शाई पसरते. दोन इंची मऊ केसांचा रंगाचा ब्रश, बांबूच्या चपट्या काड्या, नायलॉनचा मऊ ब्रश. घोट्यावर येणारे बूट, प्रथमोपचाराची पेटी. तारेचा ब्रश, खराटा, कुदळ, खडू, तेल, ॲसिड यांपैकी काहीही कोणी आणलं तर ते रिक्षात तसंच परत पाठवा.

नोंद: इथेच वेळ घालवा

नोंदीसाठी दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. गवत वाळलेलं असतं, साप कमी असतात, आणि ऊन तिरपं येतं. या तिरप्या उन्हावर अर्धं काम अवलंबून आहे. दुपारी बारा वाजता कोरा दिसणारा दगड सकाळी साडेसातला लढाई दाखवतो. दगडाचा कोरलेला चेहरा कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने बघा: पूर्वेला असेल तर सकाळी जा, पश्चिमेला असेल तर पाचनंतर. उत्तरेकडे तोंड असेल किंवा वर झाडाची दाट सावली असेल तर अंधार पडल्यावर टॉर्चने. टॉर्च समोरून मारू नका. दगडाच्या बाजूला उभं राहून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली फिरवा. दुसऱ्याने मोबाइल स्थिर धरून प्रत्येक कोनाला एक फोटो घ्यायचा. एका बाजूच्या प्रकाशात उभ्या रेषा उठून दिसतात, वरच्या प्रकाशात आडव्या. अक्षरं वाचायची असतील तर दोन्ही लागतात.

प्रत्येक दगडाचे किमान दहा फोटो हवेत. लांबून परिसरासह दोन, चारही बाजूंचे चार, पट्टी ठेवून समोरून सरळ एक, पट्टीशिवाय तसाच एक, प्रत्येक चौकटीचा वेगळा, आणि जमिनीला टेकतो तिथला एक. शेवटचा फोटो सगळे विसरतात. पुढच्या वर्षी कोणी फरशी बसवली तर किती भाग गाडला गेला हे त्याच फोटोवरून कळतं. फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोड बंद, फिल्टर बंद. कॅमेरा दगडाच्या मध्याच्या उंचीवर धरा. उभ्याने खाली वाकून काढलेल्या फोटोत दगड वर रुंद आणि खाली निमुळता दिसतो आणि मापं घेता येत नाहीत.

फोटोंवरून संगणकात दगडाची त्रिमिती प्रतिकृती करायची असेल तर ढगाळ दिवस निवडा. शेजारशेजारच्या दोन फोटोंत निदान साठ-सत्तर टक्के भाग सामाईक हवा. दगडाभोवती तीन उंचींवरून फेऱ्या मारल्या की एका वीरगळाला साठ ते शंभर फोटो लागतात. मधे कोणी हार बदलला तर पुन्हा पहिल्यापासून.

अक्षरं दिसली की हात शिवशिवतात. खडू फिरवणं, पीठ भरणं, कोळसा घासणं, तेल लावणं, पाणी मारणं यांपैकी काहीही करू नका. खडूची पूड दगडाच्या छिद्रांत बसते आणि निघत नाही. शिवाय खडूने तुम्ही तुम्हाला ‘वाटलेलं’ अक्षर गिरवता, आणि पुढचा माणूस दगड न वाचता तुमचा खडू वाचतो. कागद लावून ठसा घेणं हे शिकलेल्याचं काम आहे. तुम्ही तिरप्या प्रकाशातले फोटो शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांकडे पाठवा, तेवढं पुरतं.

काळ सापडला तर तो बहुधा शकात असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो: अंबरनाथच्या मंदिरातल्या लेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. पण महिना पौष ते फाल्गुन यांपैकी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. शिलाहार राजा अपरादित्याच्या परळच्या लेखात शके ११०८ आणि माघ महिना आहे, म्हणून तो इ.स. ११८७ चा ठरतो. एका वर्षाची ही चूक हौशी नोंदींत सर्रास दिसते.

वहीत नोंद कशी दिसावी, याचा नमुना:

क्रमांक: गा-०७. प्रकार: वीरगळ, तीन चौकटी. जागा: गावदेवी मंदिराच्या मागच्या भिंतीपासून पश्चिमेला ४.२० मीटर. तोंड: पूर्व. दगड: काळा पाषाण. माप: जमिनीवरची उंची ११२ सें.मी., रुंदी ४६, जाडी १९. स्थिती: वरचा उजवा कोपरा तुटलेला, तुटलेली कड जुनी (काळवंडलेली). तळाशी सिमेंट, उंची ८ सें.मी. समोरच्या बाजूला शेंदूर, मधल्या चौकटीपर्यंत. पूजा: होते, मंगळवार. लोक काय म्हणतात: ‘वीरबाबा’. तारीख, वेळ, मोजणाऱ्यांची नावं.

‘जमिनीवरची उंची’ हे शब्द गाळू नका; दगड जमिनीखाली किती आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि ते बघायला खणायचंही नसतं. तुटलेली कड जुनी की ताजी हेही लिहा. ताजी कड राखाडी, स्वच्छ दिसते, जुनी बाकीच्या दगडासारखी काळी. पोलिसांत जायची वेळ आली तर हाच एक शब्द उपयोगी पडतो.

अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहा. पाचवा अंक साधारण एका मीटरचा असतो, पण मोबाइलची स्वतःची चूक पाच-दहा मीटर असते, झाडाखाली आणि टॉवरांच्या मधे त्याहून जास्त. म्हणूनच टेपने दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर हवंच. विजेचा खांब नको, कारण खांब हलतो. देवळाचा किंवा इमारतीचा कोपरा बरा. आणि सुट्या मूर्तींची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. चोर पण नकाशा वाचतो.

कागद

आता जागा कोणाची ते शोधा. गावठाणाबाहेरच्या जमिनीचा सातबारा मिळतो. गावठाणात आणि जिथे सिटी सर्व्हे झालाय तिथे मालमत्ता पत्रक बघावं लागतं. दगड रस्त्यावर असेल तर पालिकेचा वॉर्ड, देवळाच्या आवारात असेल तर विश्वस्त मंडळ. मालकाची तोंडी परवानगी पुरेशी वाटते, पण पिढी बदलली की तोंड बदलतं. चार ओळींचं पत्र सही करून घ्या: ‘नोंद आणि छायाचित्रणास हरकत नाही.’

दुसरं काम, वास्तू संरक्षित आहे का ते तपासणं. केंद्र-संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा लागतो. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही तर साफ करत होतो’ हा बचाव नाही. मुंबई आणि आसपासच्या केंद्रीय स्मारकांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मुंबई मंडळ आहे, कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशी. राज्य-संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय; कोकण विभागाचा कारभार रत्नागिरीहून चालतो. दोन्हीकडे श्रमदानाला लेखी परवानगी लागते. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, नेमकं काय करणार आणि काय करणार नाही हे लिहा. ‘गवत कापणे व प्लास्टिक गोळा करणे, दगडी बांधकामास हात न लावणे’ असं लिहिलेल्या अर्जाला होकार लवकर येतो. ‘किल्ल्याचे संवर्धन’ असं लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, आणि राहावा हेच बरं.

संरक्षित नसेल तर पालिकेची वारसा यादी बघा. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे, श्रेणी पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी. यादीत नसलेल्या गोष्टीसाठी तुमची नोंद, फोटो, मालमत्ता पत्रक आणि एक पानी टिपण जोडून पालिकेकडे अर्ज द्या, पोच घ्या. रस्तारुंदी किंवा पुनर्विकास येतोय असं कळलं तर हरकती-सूचनांची जाहिरात शोधा आणि त्यातली अंतिम तारीख भिंतीवर लावा. मुदतीनंतर एक दिवसाने दिलेल्या उत्तम अर्जापेक्षा मुदतीत दिलेला साधा अर्ज हजार पटींनी उपयोगी. हरकतीत भावना नको. सर्व्हे नंबर, अंतर मीटरमध्ये, फोटो, मागणी. मागणी एकच आणि करता येण्यासारखी हवी: ‘गटाराची रेषा दीड मीटर पूर्वेला सरकवावी.’

खणताना नाणी किंवा काही दडवलेलं निघालं, तर १८७८ चा निखातनिधीचा कायदा अजून जिवंत आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही मर्यादा तेव्हाची आहे, आज त्यात सगळंच येतं. मूर्ती सापडली आणि ‘सुरक्षित राहावी’ म्हणून सोसायटीच्या कार्यालयात नेऊन ठेवली, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. जागेवरच ठेवा, फोटो काढा, तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला त्याच दिवशी लिहा.

निगा

इथे कमी करणं म्हणजेच नीट करणं.

कचरा उचला. दगडाभोवतीचं गवत विळ्याने कापा, उपटू नका. शेवटचे चार बोटं अंतर हाताने. पायाशी पाणी साठत असेल तर ते कुठून येतं ते शोधा. नव्वद टक्के वेळा वरच्या पत्र्याची पन्हळ किंवा तुंबलेलं गटार निघतं. ती पन्हळ वळवून घेणं हे वर्षभर ब्रश मारण्यापेक्षा मोठं काम आहे. दगडाच्या एक मीटरच्या आत मात्र खणायचं नाही.

धूळ मऊ ब्रशने, वरून खाली. पक्ष्यांची विष्ठा आधी साध्या पाण्याने भिजवून मग बांबूच्या काडीने. काळ्या पाषाणावर एवढं चालतं. जोगेश्वरी-कान्हेरीचा खडक वेगळा आहे, ज्वालामुखी राखेचा आणि तुकड्यांचा. त्यावर साधा ब्रशही कण सोडवतो, म्हणून तिथे काहीच नको. शेवाळ पावसाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात काळं दिसतं आणि कुरूप वाटतं, पण खरवडण्याने जेवढं नुकसान होतं तेवढं शेवाळाने होत नाही. प्रेशरचं पाणी सांध्यांतला चुना काढतं. ॲसिड चुना खातं आणि मागे क्षार ठेवतं, मग दोन पावसाळ्यांनी लोणा लागतो आणि दगडाची पापुद्र्यासारखी सालं निघायला लागतात.

शेंदूर काढू नका. तो दगडाचा मळ नाही, चालू असलेली पूजा आहे, आणि त्या पूजेमुळेच दगड आजवर जागेवर राहिलाय. पुजाऱ्याशी बोलून फार तर एवढं ठरवा: अक्षरांवर शेंदूर नको, ऑइलपेंट नको, नारळ दगडावर न फोडता शेजारच्या साध्या दगडावर फोडायचा. चांदीचा ऑइलपेंट शेंदरापेक्षा वाईट, कारण आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. तो चढलेला असेल तरी थिनर घेऊन बसू नका. ते संवर्धकाचं काम.

भिंतीत उगवलेला पिंपळ हा सगळ्यांचा आवडता शत्रू. बोटाएवढं रोप पावसानंतर माती ओली असताना मुळासकट हळूच निघतं, तेवढंच काढा. अंगठ्याएवढं खोड झालं की उपटताना मुळांनी धरलेले दगडही येतात. नुसतं छाटलं तर दुप्पट फांद्या फुटतात. अशा झाडाची नोंद करा, खोडाचा घेर मोजा, फोटो काढा, आणि खात्याला कळवा. मूळ मारण्याचं औषध आणि नंतर पोकळी भरणं या दोन गोष्टी एकत्रच व्हायला लागतात.

सिमेंटबद्दल वाद घालणारे भेटतील: ‘मजबूत काम करू ना.’ सिमेंट दगडापेक्षा आणि जुन्या चुन्यापेक्षा कडक असतं आणि पाणी सोडत नाही. भिंतीतली ओल मग सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडते, क्षार दगडातच साठतात, आणि दगड फुटतो. सिमेंट मात्र शाबूत राहतं. संवर्धकाने चुन्याचं काम करायला सांगितलं तर साधारण प्रमाण एक भाग विरवलेला चुना, तीन भाग वाळू. चुना पाण्याखाली निदान काही आठवडे मुरलेला हवा. वाळू खाडीची नको, तिच्यातलं मीठ लोणा आणतं. जोडलेल्या सांध्यांवर आठ-पंधरा दिवस ओलं गोणपाट हवं, म्हणून हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत. एप्रिलच्या उन्हात चुना सुकतो, पण धरत नाही.

विहिरी आणि किल्ले

विहिरीत उतरायचं नाही. गाळ साचलेल्या, निर्माल्य कुजलेल्या विहिरीत तळाशी विषारी वायू असतो आणि प्राणवायू कमी. आत गेलेला पहिला माणूस पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. कंदील सोडून बघणं ही पुरेशी खात्री नाही. तुमचं काम काठावरचं: व्यास, काठापासून पाण्यापर्यंतची खोली (दोरीला वजन बांधून), पायऱ्यांची संख्या, मोटेचे दगड, शिलालेख, जाळी आहे की नाही. गाळ काढायचा झाला तर पालिका किंवा साधनं असलेला ठेकेदार, आणि काढलेला गाळ डंपरमध्ये भरण्याआधी पसरून बघायला तुमची दोन माणसं. मूर्ती, भांडी, नाणी बऱ्याचदा त्या गाळातच असतात.

किल्ल्यांवर, मग तो घोडबंदर असो, बेलापूर असो की धारावीचा काळा किल्ला, बुरुजाच्या कडेवर चढून गवत काढू नका. वरून भक्कम दिसणारी कड आतून मुळांनी पोकळ झालेली असते. पडलेले दगड ‘नीट रचून’ ठेवू नका. ते कुठे पडलेत यावरून कोणती भिंत कशी कोसळली ते कळतं.

दगड हलवायची वेळ आली तर

हलवू नये हेच खरं. जागा गेली की दगड गावाची सीमा सांगायचा थांबतो, बागेतला शोभेचा दगड होतो. पण रस्त्याच्या कामात कधी पर्याय उरत नाही. तेव्हा आधी पूर्ण नोंद, मग पालिका, पोलीस, गावकी आणि शक्य तर पुरातत्त्व खात्याचा माणूस यांच्या समोर पंचनामा. वजनाचा हिशोब आधी करा: काळ्या पाषाणाचा एक घनमीटर साधारण २.९ टनांचा. दीड मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड दगड म्हणजे ०.१५ घनमीटर, सव्वाचारशे किलोंच्या वर. चार तरुणांनी पहारीने उचलायची ही वस्तू नाही. छोटी क्रेन, रुंद नायलॉनचे पट्टे, दगड आणि पट्टा यांच्यामध्ये जुनी गादी किंवा रबर. लोखंडी साखळी नको. ती कोपरा तोडते. आडवा ठेवताना कोरलेली बाजू वर, खाली वाळूच्या गोण्या. नव्या जागी तोंड पूर्वी होतं त्याच दिशेला, आणि बुडाला सिमेंटऐवजी खडी-मातीचा दाब.

पुढच्या फेऱ्या

वर्षातून दोनदा प्रत्येक दगडापाशी जा: मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दसऱ्यानंतर. वहीतला जुना फोटो हातात धरून त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून नवा काढा. जमिनीवरची उंची पुन्हा मोजा. ११२ चे १०४ झाले असतील तर कोणीतरी भर घातलीय. नवरात्र आणि जत्रेच्या आधी मंडळाच्या मिटिंगला एक जण जाऊन बसा, कारण मंडप, रंगकाम आणि नव्या फरशीचे निर्णय तिथेच होतात, नंतर कळून उपयोग नसतो. नोंदींच्या तीन प्रती ठेवा: एक गटाकडे, एक गावकीकडे किंवा देवळाच्या कपाटात, एक महाविद्यालयाच्या इतिहास किंवा पुरातत्त्व विभागाकडे. मूर्ती जागेवर दिसली नाही तर शोधाशोधीत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात माप, फोटो आणि शेवटची पाहिलेली तारीख घेऊन जा, आणि तक्रारीत ‘दगड’ असा शब्द लिहू देऊ नका. ‘शंभर वर्षांहून जुनी कोरीव मूर्ती, पुरावस्तू’ असं लिहून घ्या, आणि प्रत मिळाल्याशिवाय उठू नका.